दोन हजार फोटो

"सहा नावं हाईत," बानू म्हणाली. "वरनं खाली वाचली, खालनं वर वाचली. सहाच्या सहा गडीमाणसं."

आम्ही नोटीस बोर्डापुढं उभ्या होतो, जेवणाचे डबे अजून हातातच. कागलच्या एमआयडीसीत आमची फौंड्री. लोखंड ओतून गाड्यांचे ब्रेक ड्रम करायची. बानू मुल्लाणी आणि मी तपासणीच्या टेबलावर, ती नऊ वर्षं, मी बारा. बोर्डावर लिहिलं होतं ते असं, की कंपनीत एआय कॅमेऱ्याचं तपासणी मशीन येतंय, खालील कर्मचाऱ्यांना त्याचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळेल, आणि मार्चनंतर तपासणी विभागात प्रशिक्षण झालेलेच लोक ठेवले जातील.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तपासणीला आम्ही अठराजणी होतो, सगळ्या कंत्राटी. यादीत एकीचंही नाव नव्हतं.

"म्हणजे मार्चनंतर आपण कुठं?" मी विचारलं.

"तू भाकऱ्या कर, मी रस्सा करते. हायवेला गाडा टाकू," बानू म्हणाली. बानूला कशाचंही हसू येतं. पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

यादीतलं सहावं नाव होतं उदय चौगुले. माझा धाकटा दीर. मेंटेनन्सला फिटर म्हणून लागून त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ड्रमवरची चीर आणि ओरखडा यातला फरक त्याला मीच दाखवला होता, आणि तरी अजून तो निम्म्या वेळा चुकायचा.

मला राग आला की माझे पाय आधी चालायला लागतात. डबा बानूकडं दिला आणि तडक नेर्लेकरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. क्वालिटीचे मॅनेजर ते. माणूस वाईट नव्हे. बायकांवर कधी आवाज चढवला नाही, संक्रांतीला कंपनीतर्फे वाण वाटायचे. चष्मा काढून म्हणाले, "बसा, रत्नमालाबाई."

"बसत नाही साहेब. यादीत आमचं एकीचंबी नाव नाही."

"अहो, क्लास साडेपाच ते साडेसात. तुमची लेडीज बस सव्वापाचला सुटते. साडेसातला बायकांना घरी कुणी पोचवायचं? उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"आम्हाला विचारलं का कुणी?"

"काय विचारायचं? नाहीच म्हणाला असता. पोरंबाळं, स्वयंपाकपाणी. तुमची सोय बघूनच केलंय."

"मी उदयच्या गाडीवर मागं बसून जाईन की. एका घरात तर राहतो."

साहेब जरा थांबले. मला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले, "एकीला घेतलं की उद्या सतराजणी दारात उभ्या राहतील. आणि उदय आहे की. तुमच्या घरात एक नाव आलंय, आणखी काय पाहिजे?"

घरात एक नाव आलंय. हे वाक्य मी त्या दिवशी बसमध्ये कागलपासून घरापर्यंत चघळत आले, आणि प्रत्येक थांब्याला ते जास्त कडू लागलं.

उदयवर राग धरणं मात्र मला जमेना. लग्न होऊन मी चौगुल्यांच्या घरात आले तेव्हा तो आठवीत होता. त्याला सायकल मी शिकवली, दहावीच्या अभ्यासाला रात्र रात्र त्याच्याशेजारी मी बसले, कंपनीत चिकटवायला साहेबांच्या मागं मी लागले. क्लास सुरू झाला आणि पोरगं अगदी हवेत. "वहिनी, नाद खुळा आहे सगळं," म्हणायचा. सासूबाई त्याच्यापुढं घट्ट दुधाचा चहा ठेवायच्या, पोरगं शिकून आलंय म्हणून. मी बारा वर्षं कामावरून आले तेव्हा माझ्यापुढं परात यायची, ते असू दे.

दुसऱ्या आठवड्यात क्लासनं त्यांना घरचा अभ्यास दिला. उदयकडं काम आलं ते फोटोंचं. लाल क्रेटमधला बाद माल आणि हिरव्या क्रेटमधला चांगला माल, दोन्हींचे मिळून दोन हजार फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोखाली दोषाचं नाव टाकायचं. सकाळी सहाला मी चुलीपुढं डब्याच्या भाकऱ्या थापायला बसले की तो कंपनीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसायचा.

"वहिनी, हे काय आहे गं?"

मी परातीवरनं मान वर करायची. "शिवण."

"आणि हे?"

"देवी."

पुस्तकात या दोषांना इंग्रजी नावं आहेत, पण टेबलावर आमची आमची नावं चालायची. साच्यात लोखंडाचे दोन ओघ भेटले पण एकजीव झाले नाहीत, की तिथं शिवण दिसते. देवीच्या व्रणांसारखी बारीक भोकं पडली की ती देवी. आणि सगळ्यात वाईट तो केस, केसाएवढी चीर. बोटाला लागत नाही, उजेडात ड्रम तिरपा धरला तरच दिसते. केस असलेला ड्रम गाडीला लागला तर घाटात माणूस जायचा. म्हणून शंका आली की आम्ही ड्रमला छोट्या हातोडीनं टिचकी द्यायचो. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, केस असला की भद्द.

"हे सगळं मशीनला कशाला सांगायचं?" एकदा मी विचारलं.

"शिकतंय ते. आपण फोटो दाखवायचा, नाव सांगायचं. जे दाखवू ते शिकणार."

"मग शिकवतंय कोण?"

"मी," तो हसत म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला. माझी भाकरी तव्यावर करपली.

अकरा सकाळी आम्ही हे केलं. दोन हजार फोटोंपैकी चांगल्या मालाचे सोडले तर बाकीच्या सगळ्यांची नावं माझ्या तोंडची. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही यायची. पडद्यावर ड्रम आला रे आला की नाव माझ्या ओठावर तयार. पण मार्च जवळ येत होता, आणि नाव माझं कुठंच नव्हतं.

मशीन आलं आणि चाचणी सुरू झाली. मोठं पांढरं खोकं, आत चार कॅमेरे, खालून सरकता पट्टा. चांगल्या मालाला हिरवा दिवा, बाद मालाला लाल. चाचणीची रीत अशी, की आधी आम्ही अठराजणींनी माल तपासायचा, नेहमीसारख्या खुणा करायच्या, मग तोच माल मशीनखालून जायचा. दोघांचं जुळतंय का बघायला. बाहेर जाणारा माल मात्र आमच्याच निकालावर जायचा, त्यामुळं कुणाच्या जिवाला धोका नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं मी जे केलं त्यात एवढं एक माझ्या बाजूनं होतं.

आणि मशीनचं आमच्याशी जुळायला लागलं. शंभरातले शहाण्णव तंतोतंत. सहाहीजण टाळ्या देत सुटले. सोमवारी सकाळी नेर्लेकरसाहेब आमच्या टेबलापाशी आले आणि गोड आवाजात म्हणाले, "बायांनो, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही चांगले म्हणून सोडलेले शंभरात चार ड्रम मशीन बाद करतंय. माणसाची नजरच आहे शेवटी. थकते."

ते गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बारा वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला एक ड्रम ग्राहकाकडनं परत आलेला नव्हता.

जेवणाची सुट्टी झाली, गडीमाणसं कॅन्टीनला गेली. मी बानूला म्हटलं, "चल."

"कुठं?"

"ते चार ड्रम बघायला."

मशीनच्या लाल क्रेटमध्ये ते वेगळे ठेवले होते. मी पहिला उचलला, उजेडाला तिरपा धरला, फिरवला. काही नाही. हातोडीनं टिचकी दिली, ठण्णकन वाजला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा बानूनं वाजवला आणि ती माझ्याकडं बघायला लागली. "रत्ना, हे चारी झकास हाईत गं."

मग मला दिसलं. चारही ड्रमांच्या पाठीवर पिवळ्या खडूची चांदणी होती.

ती चांदणी बानूची. मोजणीचं काम तिच्याकडं होतं. दर पंचविसावा चांगला ड्रम तिच्यापुढं आला की ती त्यावर एक चांदणी काढायची, म्हणजे क्रेटात चार चांदण्या दिसल्या की शंभर भरले. नऊ वर्षं तिची ही रीत. आणि बाद ड्रमवर आम्ही सगळ्याजणी काय करायचो? दोषाभोवती खडूनं गोल काढायचो. त्याच पिवळ्या खडूनं.

उदयनं बाद मालाचे फोटो लाल क्रेटमधून काढले होते. चांगल्या मालाचे काढताना मोजणी बिघडू नये म्हणून चांदणीवाले ड्रम तो बाजूला ठेवायचा. म्हणजे आम्ही गोल काढून टाकून दिलेल्या ड्रमांचे. अकरा सकाळी मी ते गोल बघत होते, पण ते माझ्याच हातचे, मला वेगळे कशाला दिसतील? मी गोलाच्या आतलं बघत होते. मशीन काय बघत होतं?

"बानू, ओला फडका दे."

मी एक चांदणी पुसली आणि ड्रम पट्ट्यावर ठेवला. बटण कसं दाबायचं ते लांबून बघून बघून पाठ झालं होतं. ड्रम आत गेला, बाहेर आला. हिरवा.

बानूनं स्वतःच जाऊन आमच्या लाल क्रेटमधून एक बाद ड्रम आणला. केसवाला, मीच सकाळी टाकलेला. तिनं त्यावरचा गोल घासून घासून पुसला. ड्रम आत गेला. बाहेर आला.

हिरवा.

आम्ही दोघी त्या खोक्यापुढं उभ्या, आणि मला नाचावं असं वाटत होतं, खरंच सांगते. लाखो रुपयांचं मशीन, मशीनवाल्यांचे इंजिनिअर, सहा गडी, आणि त्या मशीनला ड्रममधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आमचा खडू वाचत होतं. आम्ही सांगितलेलं उत्तर आम्हालाच परत देत होतं आणि शाबासकी खात होतं.

"जा, सांग साहेबास्नी," बानू म्हणाली.

मी दारापर्यंत गेले आणि थांबले. साहेबांनी काय केलं असतं ते मला डोळ्यांपुढं दिसलं. उदयला बोलावलं असतं. उदय, फोटो परत काढ, खडू पुसून. थँक्यू रत्नमालाबाई. आणि मार्चमध्ये अठराजणी घरी.

"गुरुवारी पुण्याचे पाहुणे येणार हाईत न्हवं?" मी बानूला विचारलं. ज्यांच्या गाड्यांना आमचे ड्रम लागायचे ते लोक गुरुवारी मशीन बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला की मशीन पक्कं होणार होतं.

बानूनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "लई वाईट हाईस तू," ती म्हणाली.

तीन दिवस काढायचे होते. सगळ्यात अवघड गेली ती मंगळवारची सकाळ. उदय चुलीपुढं येऊन बसला, लॅपटॉप नव्हता, नुसताच बसला. म्हणाला, "वहिनी, गुरुवारी मशीन नीट चाललं ना, की मला पर्मनंट करणार. साहेब बोललेत."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ओठापर्यंत आलं होतं. एवढंच सांगायचं होतं, की बाबा, फोटोतला खडू बघ. आठवीतलं ते पोरगं, सायकलवरनं पडल्यावर आईकडं न जाता माझ्याकडं आलेलं.

"चालंल की नीट," मी म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी दुपारी पाहुणे आले. तिघं होते, बोलायचं काम त्यातले एक पिकल्या केसांचे गृहस्थ करत होते. मशीनच्या कंपनीचा प्रशिक्षक सौमित्र लिमये, पंचविशीतला, चटपटीत, त्यांना सगळं समजावत होता. सहाजण इस्त्रीच्या शर्टात रांगेत उभे, उदय पट्ट्यापाशी. आमचा तपासलेला माल मशीनखालून जायला लागला. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा. पाहुणे माना डोलवायला लागले. नेर्लेकरसाहेबांच्या चेहऱ्यावर सणाची कळा आली.

मी टेबल सोडून पुढं झाले. "साहेब, माझे दोन ड्रम घालू का?"

"रत्नमालाबाई, आता नको," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

"घालू दे की," पिकल्या केसांचे पाहुणे म्हणाले. "बघू तरी."

मी चांगला ड्रम घेतला. सगळ्यांपुढं हातोडीनं वाजवला, त्यांच्या हातात दिला, बघा म्हटलं. मग खिशातनं खडू काढला, पाठीवर एक गोल काढला आणि उदयकडं दिला. उदयनं माझ्याकडं बघितलं, काही न कळून ड्रम पट्ट्यावर ठेवला. लाल दिवा लागला.

दुसरा ड्रम मी आधीच पुसून आणला होता. तोही वाजवला. भद्द. पाहुण्यांनी भुवया वर केल्या. मी त्यांना ड्रम तिरपा धरून केस दाखवला. "ह्यो गाडीला लागला तर?" मी विचारलं. ड्रम आत गेला.

हिरवा दिवा लागला आणि असा लागून राहिला की कुणी तो बंद करावा असं मला वाटायला लागलं.

आधी उमगलं ते लिमयेला. त्यानं माझ्या हातातल्या खडूकडं बघितलं, लाल क्रेटकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. खडू शिकलंय ते." पोरगं प्रामाणिक. लपवाछपवी केली नाही. वळून त्यानं विचारलं, "फोटो कुणी काढले होते?"

"मी," उदय म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सगळे परत काढावे लागतील. नावं मात्र अचूक आहेत, मी शंभरएक फोटो स्वतः तपासले होते. इतकी बरोबर नावं मी कुठल्या कारखान्यात बघितली नाहीत. ती कुणी टाकली?"

उदय खाली बघायला लागला. मी वाट बघितली. एक श्वास, दोन श्वास. तो बोलला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे. तो बोलला नाही.

"मी," मी म्हटलं. "घरी, सकाळी, भाकऱ्या थापता थापता. अकरा दिवस."

पाहुणे नेर्लेकरसाहेबांना म्हणाले, "मग ह्या बाई तुमच्या प्रशिक्षणात कितव्या नंबरला आहेत?"

साहेबांनी रुमाल काढला. "त्यांचं नाव घालतोय आम्ही. आजच."

इथं मी हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. माझी जागा माझ्यापुढं होती. पण मागं बानू उभी होती आणि तिच्यामागं सोळाजणी, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकीला केस दिसतो, हे मला ठाऊक होतं.

"एक नाव नको साहेब. अठरा पाहिजेत," मी म्हटलं. "आणि क्लास कामाच्या वेळेत. दुपारी दोनला."

"बघू आपण, नंतर बसून..."

"फोटोंची नावं कुणाला तरी टाकायला लागणार," लिमये मध्येच म्हणाला. "मला ह्याच बायका लागतील."

"हे झाल्याशिवाय आम्ही मशीनला होकार देत नाही," पाहुणे म्हणाले आणि चहाला गेले.

पाच वाजता शिपायानं नवा कागद बोर्डावर लावला. बानूनं वरनं खाली वाचला, खालनं वर वाचला. मग मोठ्यानं वाचला, अठराच्या अठरा नावं, आडनावांसकट, आणि प्रत्येक नावाला बायका शिट्ट्या मारत होत्या. हो, शिट्ट्या. आमच्याकडच्या बायकांना येतात. मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही.

या गोंधळात माझी बस चुकली. मी पार्किंगला गेले तर उदय गाडीला टेकून उभा होता. माझीच वाट बघत होता. त्याचं पर्मनंट होणं त्या दिवशी जे लांबलं ते वर्षभर लांबलं, पण ते आम्हा दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"तुला कधी कळलं वहिनी?" त्यानं विचारलं.

आजच, म्हणता आलं असतं. त्यानं विश्वासही ठेवला असता.

"सोमवारी," मी म्हटलं.

तो बराच वेळ गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेवटी माझ्याकडं न बघताच म्हणाला, "सोमवारी मला सांगितलं असतंस, तर मी दोन दिवसांत सगळे फोटो बदलले असते. आणि त्यात तुझं नाव मी कुणापुढंच घेतलं नसतं."

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "म्हणूनच नाही सांगितलं."

त्यानं मान हलवली, गाडीला किक मारली. मी मागं बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.